खेळाचे दार आणि घराची किल्ली



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "मास्तर, कापसाचे बोला, तुरीचे बोला, हे मोबाइलवरच्या खेळाचे काय काढले?" त्यांचे म्हणणे वावगे नाही. परंतु हा खेळ आता पोरांपुरता उरलेला नाही. परभणी जिल्ह्यातले, सेलू तालुक्यातले वालूर घ्या. गोल फिरत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेसाठी हे गाव आता दूरवर ओळखले जाते. त्या गावात, आणि वालूरसारख्या शेकडो गावांत, शाळा सुटल्यावर पारावर चार मुले माना खाली घालून बसलेली दिसतात. हातात वडिलांचा मोबाइल असतो. त्यांच्या लेखी तो खेळ असतो. पण ज्या यंत्रावर तो चालू असतो, त्याच यंत्रात घरातल्या बँकेच्या खात्याची किल्ली असते. म्हणून आज मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे ऑनलाइन खेळात शिरताना दार कसे उघडावे, ते पुन्हा कसे लावावे आणि किल्ली कोणाच्या हाती द्यावी.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. खेळ सुरू करण्यापूर्वी ‘लॉग-इन’ करावे लागते असे मुले म्हणतात. ‘लॉग’ म्हणजे नोंदवही. पूर्वी जहाजावर रोजच्या प्रवासाची नोंद ठेवण्याची वही असे, तिला हे नाव होते. लॉग-इन करणे म्हणजे दारावरच्या वहीत नाव लिहून आत जाणे. मात्र नाव कोणीही लिहील. म्हणून नावाबरोबर एक गुप्त शब्द विचारतात. त्याला इंग्रजीत पासवर्ड आणि आपल्याकडे परवलीचा शब्द म्हणतात. किल्ल्याच्या पहारेकऱ्याला परवली सांगितली की आत जाता येई, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

संगणकावर ही परवली आली ती 1961 च्या सुमारास, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था तयार केली आणि प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडू लागला. त्याने काय करावे? त्याने कोणाचा शब्द ओळखण्याची खटपट केली नाही. ज्या फायलीत सगळ्यांचे शब्द लिहून ठेवले होते, ती फाईल छापून द्यावी अशी विनंती त्याने यंत्राकडे टाकली आणि यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली! कुलूप जागच्या जागी राहिले आणि किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला. साठ वर्षे उलटली, यंत्रे बदलली. पण चोरीची रीत बहुतेक तीच राहिली. चोर कुलूप फोडत बसत नाही, तो किल्ली मिळवतो. आणि बहुतेक वेळा ती आपणच आपल्या हाताने देतो.

हे मी उगाच म्हणत नाही. साधा हिशेब करून पाहा. चार आकड्यांच्या पिनमध्ये 10,000 जुळण्या होतात. इंग्रजीतल्या लहान लिपीच्या आठ अक्षरांचा शब्द घेतला, तर 20,882 कोटींहून अधिक जुळण्या होतात. त्यात आणखी चार अक्षरे घातली, तर ही संख्या सुमारे साडेचार लाख पटींनी वाढते. म्हणजे चांगला लांब शब्द अंदाजाने शोधून काढणे हे मोठ्या यंत्रालाही सोपे नाही. मग ‘आयडी हॅक झाली’ असे मुले रोज का सांगतात? कारण कोणी शोधून काढलेले नसते. कोणीतरी गोड बोलून विचारलेले असते आणि पोराने सांगितलेले असते.

आता हे आपल्या घराच्या इतके जवळ का, ते पाहू. शहरातल्या घरात माणशी एक मोबाइल असेल. आपल्याकडे पुष्कळ घरांत अजून एकच चांगला मोबाइल असतो आणि एकच नंबर सगळीकडे दिलेला असतो. पीएम किसानचा हप्ता, पीकविमा, लाडक्या बहिणीचे पैसे, गॅसची टाकी, बँकेचे खाते, सगळे त्याच एका नंबरावर. त्याच मोबाइलवर फोन पे किंवा गूगल पे असते. आणि त्याच मोबाइलवर पोरगा खेळतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. इंग्रजीत आलेला संदेश आजीला किंवा वडिलांना वाचता येत नाही, तेव्हा हाक कोणाला जाते? "बाळ्या, बघ रे काय आलंय!" घरात येणारा प्रत्येक ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा तो चार किंवा सहा आकडी शब्द, लेकरूच वाचून दाखवते. थोडक्यात, आपल्या घराचा द्वारपाल बारा-तेरा वर्षांचा आहे. त्याला आपण द्वारपाल नेमले खरे, पण परवली म्हणजे काय हे शिकवायचे राहून गेले.

त्याचा परिणाम कसा होतो, याचे एक प्रसिद्ध झालेले उदाहरण सांगतो. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबईतील जोगेश्वरीचा सोळा वर्षांचा एक मुलगा घरात चिठ्ठी ठेवून निघून गेला. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा तो अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. चौकशीत असे पुढे आले, की पब्जी या खेळासाठी आयडी आणि ‘यूसी’ मिळवण्याच्या नादात त्याने आईच्या बँक खात्यातून सुमारे दहा लाख रुपये खर्च केले होते. आईवडिलांना कळले, ते रागावले आणि मुलाने घर सोडले. सुदैवाने मुलगा सुखरूप परत मिळाला. या हकिकतीतल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खेळाचे दार आणि बँकेचे दार एकाच किल्लीने उघडत होते, ही पहिली. आणि पैसे गेल्यानंतर मुलाला घरात बसून सांगण्यापेक्षा पळून जाणे सोपे वाटले, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीकडे मी शेवटी येईन.

‘यूसी’ म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते त्या खेळातले नाणे. फ्री फायर नावाच्या खेळात त्याला ‘डायमंड’ म्हणतात. खऱ्या रुपयांनी ही नाणी विकत घ्यायची आणि त्यांतून खेळातल्या शिपायाला चांगला अंगरखा किंवा रंगीत बंदूक घ्यायची. पब्जीवर केंद्र सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये बंदी घातली. पुढे 2021 मध्ये तसाच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने भारतात आला. त्या वेळी कंपनीने अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी पालकांचा मोबाइल नंबर, दिवसाला तीन तास आणि दिवसाला सात हजार रुपये खर्च अशी बंधने जाहीर केली. बंधन चांगलेच, पण आपल्या मापाने मोजा. 2019 साली सुरू झालेल्या पीएम किसान योजनेने शेतकऱ्याला वर्षाचे सहा हजार ठरवून दिले. खेळाची एका दिवसाची कमाल मर्यादा त्याहून हजाराने जास्त! आणि पालकांचा नंबर म्हणून मुलाने मित्राचा नंबर लिहिला, तर ते बंधनही कागदावरच राहते. सरकारचा नियम, कंपनीचा नियम हे गावाच्या वेशीसारखे आहेत. घराचे दार आपले आपल्यालाच लावावे लागते.

आता चोर किल्ली कशी मागतो, त्याच्या चार मुख्य रीती सांगतो.

पहिली रीत फुकटाची. "इथे दाबा, हजार डायमंड फुकट" असा संदेश येतो. दाबले की हुबेहूब खेळासारखे किंवा गूगल, फेसबुकसारखे दिसणारे पान उघडते आणि ‘लॉग-इन करा’ म्हणते. मुलगा नाव आणि परवली लिहितो. डायमंड येत नाहीत; परवली मात्र चोराकडे पोचते. हे पान खोटे आहे हे कसे ओळखावे? रंगावरून किंवा चित्रावरून ओळखता येत नाही. पत्ता वाचावा लागतो, आणि पत्ता वाचण्याची आपली जुनी रीत इथे कामी येते. टपालाच्या पाकिटावर आपण लिहितो: मुक्काम पोस्ट वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी. मोठे ठिकाण शेवटी येते. संकेतस्थळाच्या पत्त्यातही तसेच असते. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटचे नाव येते, ते खऱ्या मालकाचे. ‘गूगल डॉट कॉम’ एवढेच असेल तर पान गूगलचे. पण ‘गूगल डॉट कॉम डॉट फुकटडायमंड डॉट कॉम’ असे असेल, तर मालक फुकटडायमंड, आणि गूगल हे नुसते दारावर रंगवलेले नाव. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की पत्रलेखन शिकवताना पाच मिनिटे हा दुसरा पत्ताही फळ्यावर लिहून दाखवावा.

दुसरी रीत ओटीपीची. चोराकडे परवली पोचली तरी दारावर दुसरा अडसर असतो: नव्या यंत्रावरून कोणी आत येऊ लागले, तर आपल्या मोबाइलवर ओटीपी येतो. मग चोर फोन करतो. "मी कंपनीतून बोलतोय, तुमच्या मुलाला बक्षीस लागलंय, आलेला आकडा सांगा." इथे एक सोपा नियम आहे. आकडा वाचण्याआधी मजकूर वाचावा. त्या संदेशात बहुधा लिहिलेलेच असते, की हा आकडा कशासाठी आहे, पैशांचा असेल तर किती रुपयांसाठी आहे, आणि तो कोणालाही सांगू नये. आपण आकड्यावर उडी मारतो आणि इशारा तसाच राहतो. याच्या जोडीने आणखी एक गोष्ट घरातल्या लहानथोरांना पाठ करून द्या: पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. बक्षीस देतो म्हणून जो पिन टाकायला सांगतो, तो घेणारा आहे, देणारा नव्हे.

तिसरी रीत आयडीच्या खरेदी-विक्रीची. वर्षानुवर्षे खेळून वरच्या पायरीला पोचलेले खाते मुले एकमेकांना विकतात. पाचशे, हजार, कधी त्याहून जास्त. पण जुन्या मालकाचा ईमेल किंवा नंबर त्या खात्याला जोडलेला असतो. पैसे हाती पडले की तो "परवली विसरलो" असे सांगून खाते परत मिळवतो. सातबारा नावावर न करता शेत विकत घेण्यासारखाच हा व्यवहार. शिवाय अशी विक्री बहुतेक खेळांच्या नियमांतच बसत नाही, त्यामुळे दाद मागावी तर कुठे?

चौथी रीत फायलीची. अधिकृत दुकानात, म्हणजे प्ले स्टोअरमध्ये, न मिळणारा खेळ कोणीतरी व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर ‘एपीके’ फाईल म्हणून पाठवतो. "यात सगळ्या बंदुका फुकट आहेत." ती फाईल मोबाइलमध्ये घातली, की ती संदेश वाचण्याची परवानगी मागते. मुलगा ‘हो’ दाबतो आणि त्या क्षणापासून घरात येणारा प्रत्येक ओटीपी चोरालाही दिसतो. फोन करून विचारण्याचीही त्याला गरज उरत नाही. हीच फाईल मोठ्या माणसांकडे लग्नपत्रिकेच्या नावाने येते. खेळाला आपले संदेश वाचण्याचे काय कारण? सालगड्याने तिजोरीची किल्ली मागावी, तसेच हे आहे.

तर मग करावे काय? मोबाइल फोडून टाकावा काय? तसे नव्हे. देवगिरीचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याला नुसता एक दरवाजा नाही. तट आहे, खंदक आहे आणि ती प्रसिद्ध अंधारी वाट आहे. एक अडसर ओलांडला तरी पुढे दुसरा उभा. आपल्या खात्यालाही असेच दोन-तीन अडसर घालायचे आहेत, आणि त्यासाठी फार तर अर्धा तास लागतो.

पहिला अडसर लांब परवलीचा. मुलाचे नाव, जन्मसाल, मोबाइल नंबर, देवाचे नाव हे परवलीचे शब्द नव्हेत. ते सगळ्या गावाला ठाऊक असतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत ओळीने लिहावेत. एखादे भांडे, एखादे झाड, एखादे अवजार, एखादा पक्षी. परक्याला ते सुचणार नाहीत आणि आपल्याला विसरणार नाहीत. विसरण्याची भीतीच असेल, तर कागदावर लिहून कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. पेटीतला कागद दूरच्या चोराला दिसत नाही. मोबाइलमधल्या चिठ्ठीत किंवा फोटोत ठेवलेला शब्द दिसू शकतो.

दुसरा अडसर म्हणजे प्रत्येक दाराला वेगळी किल्ली. हे का, तर आपण सावध असलो तरी कंपनीकडून शब्द फुटू शकतो. एप्रिल 2011 मध्ये सोनी या मोठ्या कंपनीच्या प्लेस्टेशन या खेळांच्या जाळ्यात चोर शिरले. सुमारे 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि ते जाळे तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले. अशी फुटलेली नावे आणि शब्द चोर पुढे दुसऱ्या ठिकाणी लावून पाहतात. खेळाची परवली आणि ईमेलची परवली एकच असेल, तर एका दारातून दुसरे दार आपोआप उघडते. बाकी सगळे जमले नाही तरी निदान ईमेलची परवली स्वतंत्र ठेवा. कारण विसरलेली प्रत्येक परवली ईमेलवरूनच बदलून मिळते; ईमेल ही साऱ्या किल्ल्यांची पेटी आहे.

तिसरा अडसर दोन टप्प्यांच्या पडताळणीचा. गूगलच्या आणि बहुतेक मोठ्या खेळांच्या खात्यात ‘सुरक्षा’ या सदराखाली ही सोय असते. ती चालू करावी. मग नुसती परवली कळून चोर आत येत नाही. अलीकडे ‘पासकी’ म्हणून त्याहूनही चांगली सोय आली आहे. तीत शब्द नसतोच. आपल्या बोटाच्या ठशाने किंवा मोबाइलच्या कुलपाने खाते उघडते. ती किल्ली ज्या खऱ्या पत्त्यासाठी केलेली असते तिथेच चालते, खोट्या पानावर चालत नाही. आणि तोंडाने सांगण्यासारखे काही नसल्यामुळे फोनवरच्या लबाडाला ती सांगताही येत नाही.

चौथा अडसर पैशांचा, आणि तो पालकांनी स्वतः घालायचा आहे. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीपूर्वी पडताळणी मागण्याची सोय असते. ती चालू ठेवा आणि बोटाचा ठसा पोराचा नव्हे, आपला ठेवा. यूपीआयचा पिन पोराला सांगू नका. हे कठोर वाटेल, पण बाजारात पाठवताना आपण त्याच्या हाती मोजून पैसे देतो. कपाटाची किल्ली देत नाही. शक्य असेल त्यांनी खेळाला जोडलेला ईमेल वेगळा आणि बँकेला जोडलेला वेगळा ठेवावा. लहान मुलांसाठी गूगलची ‘फॅमिली लिंक’ ही सोय आहे; तिच्यामुळे नवा खेळ घेताना किंवा खरेदी करताना पालकांची परवानगी मागता येते.

आता एका वेगळ्या प्रकारच्या दाराविषयी. काही ठिकाणी खेळ हा नुसता देखावा असतो. आत जुगार चालतो. "शंभर भरा, हजार मिळवा, लॉग-इन केल्याबरोबर बोनस." तिथे सुरक्षित प्रवेश कसा करावा, असे मला कोणी विचारले, तर माझे उत्तर एकच: करूच नये. फासे ज्याच्या हाती, डाव त्याचा, हे आपल्याला महाभारताने शिकवले आहे. 2023 च्या जुलैमध्ये नागपूरचे एक प्रकरण राज्यभर गाजले. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून एका व्यापाऱ्याने जुगाराचे खाते उघडले, त्यात आठ लाख रुपये आधीच जमा दिसले, सुरुवातीला जिंकल्याचा भास झाला आणि अखेर अठ्ठावन्न कोटी रुपये गेले, असे तक्रारीत म्हटले होते. म्हणजे दार उघडून द्यायला चोर स्वतःच उभा होता, आणि आत गेलेला माणूस शिकलेला, व्यवहारात मुरलेला होता. पुढे संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. त्याला राष्ट्रपतींची संमती 22 ऑगस्ट 2025 रोजी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशा शिक्षा त्यात आहेत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण त्याला फसलेला समजले आहे. ई-स्पोर्ट्स आणि पैशांवाचूनचे खेळ यांना मात्र या कायद्याने मोकळीक दिली आहे. तेव्हा परीक्षा सोपी आहे: जिंकून पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे लावायला सांगतो, तो खेळ नव्हे.

इतके सांभाळूनही घात झाला तर? तर वेळ दवडू नये. पहिला फोन 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर करावा. पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवून ठेवण्याची व्यवस्था या क्रमांकामागे आहे. पण चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फार लवकर फिरवतो, म्हणून पहिला तास मोलाचा. दुसरा फोन आपल्या बँकेला. रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकात असे ठरवून दिले होते, की ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडा सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. कळवण्याला एवढे मोल आहे. त्यानंतर ईमेलची परवली बदलावी, ‘सर्व यंत्रांवरून बाहेर पडा’ ही सोय वापरावी, आणि आलेले संदेश पुसून न टाकता पुराव्यासाठी जपून ठेवावेत. ते घेऊन पोलीस ठाण्यात जाण्यात कमीपणा नाही.

आणि इथे मी त्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो. पहिला तास मोलाचा खरा. पण पैसे गेल्याचे सर्वांत आधी कोणाला कळते? त्या लेकराला. ते जर मार बसेल म्हणून गप्प राहिले, तर तो तास जातो, दिवस जातो, कधी महिनाही जातो. बँकेचा संदेश पुसून टाकणारा हात अनेकदा घाबरलेल्या पोराचाच असतो. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयातील एका कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलीचा अनुभव सांगितला. ऑनलाइन खेळताना एका अनोळखी माणसाने आधी गोड बोलून पुढे तिच्याकडे अश्लील छायाचित्र मागितले. मुलीने खेळ बंद केला आणि आईला जाऊन सांगितले. तिथेच संकट टळले. तिला वाचवले ते कोणत्या कुलपाने? आईला सांगता येते, या विश्वासाने. माझ्या मते सगळ्या अडसरांत हा अडसर पक्का, आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. लेकराला आजच सांगून ठेवा: "चूक झाली तर आधी मला सांग. रागवायचं की नाही ते मागाहून बघू. आधी आपण दोघं मिळून दार लावू."

शिक्षकांना दोन शब्द. परिपाठात आठवड्यातून एकदा दहा मिनिटे यासाठी काढता येतील. नुसता उपदेश करू नका, नाट्य करा. एका मुलाने कंपनीचा माणूस व्हावे, दुसऱ्याने फोन घ्यावा. "सर, आकडा सांगा ना" म्हणून पहिल्याने गळ घालावी, आणि दुसऱ्याने "सांगणार नाही" म्हणून फोन ठेवावा. मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणे आपल्या मुलांना शिकवलेले नसते; उलट मोठ्यांचे ऐकावे हेच आपण शिकवतो. चोर नेमका त्याचाच फायदा घेतो. ‘नाही’ म्हणण्याची सवय तोंडाला लागावी लागते, आणि ती शाळेत लागते.

शेवटी, खेळाला शत्रू समजू नका. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे एकोणिसाव्या वर्षी महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्याचबरोबर ती ग्रँडमास्टर झाली. आज बुद्धिबळ शिकणारी कित्येक मुले मोबाइलवरच सराव करतात. ‘लिचेस’ या संकेतस्थळावर तर पैसे न देता, जाहिराती न पाहता आणि खाते न उघडताही खेळता येते. वालूरच्या मुलीला मॉस्कोच्या मुलाशी डाव मांडता येतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे! दूरच्या शाळेत जायला जसा रस्ता लागतो, तसेच हे दारही आपल्या मुलांना लागणार आहे. ते कायमचे बंद करून चालायचे नाही.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्री जेवणे झाल्यावर मोबाइल मध्ये ठेवून लेकराजवळ बसा. "तुझा खेळ दाखव" म्हणा. कोणत्या ईमेलने आत जातोस, परवली कोणाकोणाला ठाऊक आहे, पैसे कुठून कापले जातात, हे तीन प्रश्न विचारा. तो चटचट दाखवील, तुम्हाला न कळलेले समजावूनही सांगेल. तुम्ही त्याच्याकडून यंत्र शिका, आणि त्याला व्यवहार शिकवा. खेळाचे दार खुशाल उघडे असू द्या. घराची किल्ली मात्र घरातच राहू द्या.